भोंग्यातली शिट्टी

कारखान्याचं नाव कशाला घ्या! नगर जिल्ह्यात साखर कारखाने काय कमी आहेत? त्यातलाच एक समजा. चिमणीच्या पायथ्याशी कामगारांची वसाहत, वसाहतीपुढं शाळा, शाळेच्या आवारात सिमेंटचं बास्केटबॉलचं मैदान आणि या सगळ्याच्या तोंडाशी कारखान्याचं मेन गेट. त्या गेटाशेजारच्या खोलीत नबीलाल तांबोळी चौदा वर्षं टाइमकीपर होता.

दिवसातून तीन वेळा बॉयलरवरचा भोंगा वाजे. सकाळी आठ, दुपारी चार, रात्री बारा. वाफेचा भोंगा तो, चांगला अर्धा मिनिट चाले, आणि तेवढ्या वेळात शेजारी उभ्या माणसाचे नुसते ओठ हलताना दिसायचे. दिवसाच्या दोन्ही भोंग्यांना नबीलाल गेटावर हजर. भोंगा सुरू झाला रे झाला की त्यानं गळ्यातली शिट्टी तोंडात धरून एक जोरदार फुंक मारायची, पहारेकऱ्यानं फाटक ओढायचं आणि बाहेर थांबलेली पाळी आत सोडायची. आता भोंग्याच्या त्या बोंबेत शिट्टी ऐकणार कोण, कपाळ! पहारेकरी बिचारा त्याचे फुगलेले गाल बघून फाटक ओढायचा. पण कारखाना निघाला तेव्हा कुणीतरी घालून दिलेली रीत, ती मोडायची कुणी? कारखान्यात एकदा सुरू झालेली गोष्ट बंद करायला बोर्डाचा ठराव लागतो. तो काही झाला नाही, आणि नबीलाल चौदा वर्षं रोज दोनदा कुणालाही ऐकू न जाणारी शिट्टी मारत राहिला.

हाच माणूस कारखान्याचा बास्केटबॉलचा पंच. तरुणपणी तो नगरला भिंगारच्या छावणीत खेळाच्या सामानाच्या कोठीवर होता. चेंडूत हवा भरायची, फाटलेल्या जाळ्या विणायच्या आणि हात रिकामा झाला की मैदानाच्या कडेला उभं राहायचं. जवानांचा खेळ बघून बघून त्याला नियम असे पाठ झाले की तिथल्या एका साहेबानं त्याला हट्टानं पंचाच्या परीक्षेला बसवलं. तो पास झाला. पुढं कारखान्यात नोकरी लागली, आप्पासाहेब चेअरमन झाले, आणि शेजारच्या कारखान्याचा कबड्डीचा संघ बघून त्यांनाही आपला एक संघ असावा असं वाटायला लागलं. कबड्डी झाली होती, कुस्ती झाली होती, म्हणून बास्केटबॉल! उंच पोरं शोधून हंगामी कामगार म्हणून भरली. कागदावर कोणी पोती शिवणारा, कोणी गव्हाणीत ऊस टाकणारा, पण खरं काम एकच, चेंडू टोपलीत टाकायचा.

सामन्याला पंच दोन असत. एक पाहुण्यांनी आणायचा, एक यजमानांनी द्यायचा. यजमानांचा पंच घरच्यांकडं जरा बघणारच, हे सगळेच धरून चालत. नबीलाल बघत नसे. फाऊल तो फाऊल, मग करणारा कारखान्याचा असो नाहीतर परका असो. एकदा त्यानं पाच-पाच फाऊल मोजून आपलेच दोन खेळाडू बाहेर काढले, तेव्हा दुसऱ्या दिवशी बद्रुन्निसाला, म्हणजे त्याच्या बायकोला, नळावर कुणी नंबर दिला नाही. तिनं रिकामी घागर घरी आणून त्याच्या पुढ्यात ठेवली आणि हेच पाणी पी म्हणाली. पण आप्पासाहेब खूश होते, कारण तो सामना तसाही कारखान्यानंच जिंकला होता. आल्यागेल्या पाहुण्याला ते नबीलालच्या खांद्यावर हात ठेवून सांगत, आमचा पंच आम्हालासुद्धा सोडत नाही, बघा! नबीलाल मान खाली घालून हसायचा. त्याला ते आवडायचं, खोटं कशाला बोला. क्वार्टर कारखान्याचं, दवाखाना कारखान्याचा, लेकीची, जहिराची, सोयरीक जुळत होती तीही कारखान्यातल्या फिटरच्या मुलाशी. या सगळ्यात स्वतःचं म्हणून त्याच्याकडं काय होतं, तर गळ्यातली ती शिट्टी.

आणि मग गोरक्ष आला.

गोरक्ष कर्जतकडचा. आई साळूबाई ऊसतोडीच्या टोळीत, बाप लहानपणीच गेलेला. टोळी कारखान्याच्या अड्ड्यावर उतरली होती आणि हे अठरा वर्षांचं ताडमाड पोरगं खाली उभं राहून उसाच्या वाढ्याच्या पेंढ्या गाडीवर फेकत होतं. फेकणारे सगळेच फेकतात. पण याच्या पेंढ्या गाडीवर एकीवर एक रचल्यासारख्या पडत होत्या आणि हा गाडीकडं बघतसुद्धा नव्हता, आईशी भांडत होता! नबीलाल सायकल धरून तिथं किती वेळ उभा राहिला, त्यालाच कळलं नाही. मग त्यानं साळूबाईला विचारलं, तुमचा मुलगा मला देता का दोन महिने? साळूबाईला वाटलं, हा माणूस पोराला पोलिसात भरती करतोय.

दोन महिन्यांत गोरक्ष संघात आला आणि वर्षाच्या आत संघ म्हणजेच गोरक्ष असं झालं. त्याच्या हातातून सुटलेला चेंडू जाळीत जाताना आवाज व्हायचा नाही. डावीकडं बघून उजवीकडं द्यायचा, दोघांच्या मधून निघून जायचा, आणि हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. नबीलालनं शिकवलं ते फक्त नियम. तिथंच खरी मारामारी होती. गोरक्षच्या नाकावर राग! शिट्टी वाजली की तो आधी पंचाच्या अंगावर धावून जायचा, मग कशासाठी वाजली ते विचारायचा. त्या काळी नियमच होता, फाऊल झाला की करणाऱ्यानं टेबलाकडं तोंड करून हात वर करायचा, म्हणजे लिहिणाऱ्याला नंबर कळतो. गोरक्षला ते मरणाहून वाईट वाटे. केलं न्हाई त्याचा हात कशाला वर करू, असं म्हणून तो हात पाठीमागं बांधून उभा राहायचा. नबीलाल त्याच्यापुढं तसाच उभा. सगळं मैदान ताटकळत.

संध्याकाळी मैदान रिकामं झालं की नबीलाल त्याला शिकवायचा. शिट्टी झाली की चेंडू असेल तिथं खाली ठेवायचा. पंच चुकला, त्याची शिट्टी नुसती चुकून वाजली, तरी खेळ तिथंच मेला. त्यानंतर टोपलीत गेलेला चेंडू धरत नाहीत. ज्याच्या हातात चेंडू होता त्याच्या बाजूला तो रेषेबाहेरून परत मिळतो आणि उरलेला वेळ खेळायचा.

"आन् उरलेला टाइम दोन सेकंद आसला तर?" गोरक्षनं एकदा विचारलं.

"दोन सेकंद लई हुतात," नबीलाल म्हणाला. "ज्याच्या हातात हाय त्याला दोन सेकंद लई हुतात."

ते पोरगं त्या दिवशी पहिल्यांदा गप्प बसलं. पुढं कधी दमलं, चुकलं की आपल्याशीच म्हणायचं, लई हुतात, लई हुतात. नबीलालला पोटचा मुलगा नव्हता. त्यानं हे कधी कुणाला बोलून दाखवलं नाही, पण बद्रुन्निसा आताशा गोरक्षची भाकरी न सांगता थापायला लागली होती.

बहात्तर साल आलं. त्या वर्षीच्या पावसाचं काय सांगायचं, आलाच नाही. ऊस उभ्या उभ्या वाळला. जो वाचला तो जनावरांना गेला. कारखाना कसाबसा सुरू झाला आणि संक्रांतीलाच बातमी पसरली की हंगाम फेब्रुवारीअखेर बंद होणार, हंगामी कामगारांना घरी पाठवणार. साळूबाईची टोळी त्या वर्षी निघालीच नव्हती. ती कर्जतकडं रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडत होती. गोरक्ष महिन्यातून एकदा जाऊन आला की दोन दिवस कुणाशी बोलत नसे. आईच्या हाताला चिंध्या बांधल्यात, एवढंच त्यानं एकदा बद्रुन्निसाला सांगितलं. नोकरी गेली तर त्यालाही तिथंच जाऊन हातोडी धरावी लागणार होती, आणि मग कसला बास्केटबॉल नि कसलं काय.

अशात कारखान्याच्या कपाचे सामने आले. दुष्काळात कप कशाला, असं दोन-चार जण बोलले, पण आप्पासाहेबांनी ऐकलं नाही. उलट अंतिम सामन्याआधी माईक हातात घेऊन त्यांनी जाहीर केलं, कप कारखान्यातच राहिला तर संघातली हंगामी पोरं कायम. ज्याला आई-बाप असतील त्याला क्वार्टरसुद्धा. मांडवात टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. नबीलाल मैदानाच्या मध्यावर चेंडू घेऊन उभा होता. त्यानं गोरक्षकडं बघितलं. गोरक्ष बुटाची नाडी पुन्हा पुन्हा बांधत होता.

समोर छावणीचा संघ. त्यांचा कप्तान हवालदार भिमाजी, पारनेरकडचा, चाळिशीला आलेला, मितभाषी गडी. नबीलाल छावणीत होता तेव्हा भिमाजी नवा रंगरूट होता, म्हणून अजून तो त्याला तांबोळीसाहेब म्हणे. गोरक्षला अडवायचं काम त्यानं स्वतःकडं घेतलं होतं. उंचीनं कमी, पण शिस्त अशी की शिट्टी झाली की त्याचे हात जागच्या जागी खाली येत. त्याच्या अंगात वीस वर्षांच्या पोराचा दम नव्हता, तरी गोरक्षला त्यानं सुखानं खेळू दिलं नाही.

सामना तीन वाजून वीस मिनिटांनी संपायचा होता. पण पाहुणे उशिरा आले, हारतुरे झाले, भाषण झालं, आणि खेळ लांबत गेला. शेवटचं मिनिट चालू झालं तेव्हा छावणी बावन्न, कारखाना एक्कावन्न. चेंडू कारखान्याकडं. टेबलावर हेडमास्तर हातात घड्याळ घेऊन बसलेले, वेळ संपली की शाळेची घंटा वाजवायची असं ठरलेलं. पाहुण्यांचा पंच दुसऱ्या टोकाला होता. नबीलाल टोपलीखाली. गोरक्ष चेंडू आपटत उजव्या कोपऱ्याकडं आला, भिमाजी त्याच्या अंगाला चिकटून, आणि या दोघांच्या कानांपासून नबीलाल हातभर अंतरावर.

गोरक्षनं उडी घेतली. चेंडू त्याच्या डोक्यावर, दोन्ही हातांत. आणि चारचा भोंगा वाजला.

नबीलालनं शिट्टी मारली.

त्यानं मारली म्हणणं बरोबर नाही. चौदा वर्षं भोंगा वाजला की जी फुंक निघत होती, ती निघाली. गाल फुगले, शिट्टीतली गोळी फिरली, आणि त्या क्षणी त्याला कळलं की आपण गेटावर नाही. चेंडू अजून गोरक्षच्या हातातच होता. गोरक्षचे डोळे वळून त्याच्याकडं आले. भिमाजीचे वर गेलेले हात जागच्या जागी खाली पडले. मग चेंडू सुटला आणि आवाज न करता जाळीतून खाली आला.

भोंगा अजून चालूच होता. हेडमास्तर घंटेवर टोले मारत होते, ते कुणाला ऐकू येत नव्हते. भोंगा थांबला तेव्हा सामना संपला होता, कारखाना एका गुणानं जिंकला होता आणि माणसं मांडवातून मैदानात उतरायला लागली होती.

भिमाजी मात्र जागेवरून हलला नव्हता. तो नबीलालपाशी आला आणि शिट्टी झाली होती म्हणाला. आधी शांतपणे नबीलालला सांगितलं, मग दुसऱ्या पंचाला, मग टेबलावर. शिट्टी झाली म्हणून मी हात खाली घेतले, चेंडू हातात असताना शिट्टी झाली. दुसऱ्या पंचानं मान हलवली, त्याला भोंग्याखेरीज काही ऐकू आलं नव्हतं. टेबलावर कुणालाच आलं नव्हतं. वसाहतीतल्या पोरांनी हुर्यो केली, हरले म्हणून रडतात म्हणाले. गलका वाढला तसे आप्पासाहेब खुर्चीवरून उठले, मैदानात आले आणि त्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"भांडायचं काय कारण?" ते म्हणाले. "नबीलालच्या तोंडात शिट्टी हुती. वाजली का न्हाई ते त्यालाच ठाऊक. तो आमच्या बापाला भीत न्हाई हे साऱ्या जिल्ह्याला म्हायती हाय. तो सांगंल ते आमाला मान्य. हवालदार, तुमाला?"

"मान्य," भिमाजी म्हणाला.

झालं! सगळ्या वाटा बंद. आप्पासाहेब मनापासून बोलले की डाव टाकून, देव जाणे. पण नबीलालला मैदानावर उभ्या उभ्या घाम फुटला. समोर आप्पासाहेब. त्यांच्यामागं वसाहत, नळावरच्या बाया, जहिराचा होणारा सासरा. बाजूला भिमाजी, ज्याला खरं काय ते माहीत होतं आणि तरी जो आपला न्याय त्याच्या हातात देऊन मोकळा झाला होता. वाजली म्हणावं तर चूक आपली. आपल्या एका फुंकीपायी पोराची नोकरी गेली, त्याची आई खडी फोडत राहिली, हे आयुष्यभर कोण सोसणार? पंचाच्या चुकीची शिक्षा त्या पोरानं का भोगायची?

त्यानं गोरक्षकडं बघितलं. गोरक्ष गर्दीत नव्हता. त्यानं चेंडू उचलून आणला होता आणि उजव्या कोपऱ्यात, शिट्टी झाली तेव्हा तो होता त्या जागी, खाली ठेवला होता. शेजारी कमरेवर हात ठेवून तो उभा होता, धापा टाकत, नबीलालकडं बघत. पोरगं घाबरलंय, असंच नबीलालला वाटलं.

"न्हाई," नबीलाल म्हणाला. "न्हाई वाजली."

मग भिमाजीनं दोन्ही टाचा जुळवल्या.

"तांबोळीसाहेब न्हाई म्हनत्यात, म्हंजी न्हाई," तो म्हणाला. "माझ्याच कानात वाजली आसंल." आणि त्यानं आपल्या पोरांना रांगेत उभं केलं, कारखान्याच्या एकेका खेळाडूशी हात मिळवला, नबीलालशीही मिळवला. त्याचा हात कोरडा होता. नबीलालचा ओला होता, आणि तो भिमाजीला कळला असणार.

गोरक्षला लोकांनी खांद्यावर घेतलं. गुलाल उधळला. त्या गर्दीवर तो बसला होता खरा, पण त्याचं तोंड दगडासारखं होतं. आनंदानं बावरलाय, असं बायका म्हणाल्या. खाली कोपऱ्यात चेंडू तसाच पडून होता.

मार्चमध्ये गोरक्ष कायम झाला. नबीलालच्या शेजारचंच क्वार्टर त्याला मिळालं आणि साळूबाई एक गोधडी नि दोन पातेली घेऊन राहायला आली. हाताच्या चिंध्या सुटल्या होत्या, बोटं सरळ होत नव्हती. पहिल्या दिवशी ती नबीलालच्या उंबऱ्याशी आली आणि डोळ्यांना पदर लावून उभी राहिली. मग म्हणाली, भाऊ, तुमी देवमानूस. नबीलालनं टोपी उचलली आणि ड्यूटीवर जातो म्हणून निघून गेला. ड्यूटीला अजून तासभर अवकाश होता.

दुसरीकडं आप्पासाहेबांनी त्याचा सत्कार ठेवला. शाल, नारळ आणि निःपक्षपाती पंच म्हणून भाषण! नबीलालनं आदल्या दिवशी ऑफिसात जाऊन हात जोडले होते. आता वय झालं, डोळ्यांना नीट दिसत नाही, शिट्टी दुसऱ्या कुणाला द्या, असं तो म्हणाला. आप्पासाहेब हसले. अहो, तुमच्या शब्दावर कप आलाय, तुम्ही सोडली तर लोक काय म्हणतील, बसा खाली. लोक काय म्हणतील हे नबीलाललाही ठाऊक होतं. तो बसला. शाल अंगावर घेऊन घरी आला तेव्हा बद्रुन्निसानं ती घडी करून पेटीच्या तळाशी ठेवली.

गोरक्ष मात्र घरी यायचा बंद झाला होता. संध्याकाळी मैदानावरही येत नसे. भाकरी तीन-चार दिवस उरली, मग बद्रुन्निसानं थापणं सोडलं. शेवटी एक दिवस नबीलालनंच त्याला पोत्यांच्या गोदामाच्या सावलीत गाठलं. काय रे, काय झालं, कायम झालास, आई आली, आता कुठं बिनसलं, असं तो विचारत राहिला. गोरक्ष पोत्याच्या सुतळीचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघत होता.

"शिट्टी वाजली हुती, चाचा," तो म्हणाला.

नबीलालनं गोदामाच्या दाराकडं बघितलं.

"हवालदारानं हात खाली टाकले हुते. हात खाली टाकलेल्या मान्सावर मी चेंडू टाकला. मी तुमच्याकडं बघितलं. म्हनलं चाचा आता सांगतील. म्हनून चेंडू आनून ठिवला जागंवर."

"तुज्यासाठी केलं मी," नबीलाल म्हणाला. "तुज्या आईसाठी."

"सहा सेकंद हुते!" गोरक्षचा आवाज चिरकला. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायचं त्याला भान नव्हतं. "मास्तरांनी सांगितलं, भोंगा सुरू झाला तवा सहा सेकंद हुते. चेंडू आपलाच हुता. मी परत टाकला आसता, चाचा. तुमीच म्हनायचे ना, दोन सेकंद लई हुतात? मंग मला सहा का न्हाई दिले?"

त्या मैदानावर, त्या घटकेला, नबीलालनं सगळ्यांचा विचार केला होता. आप्पासाहेबांचा, भिमाजीचा, साळूबाईच्या हातांचा. हे पोरगं परत टाकेल, हा विचार त्याच्या मनाला शिवलासुद्धा नव्हता. ज्या हातांसाठी तो सायकल धरून रस्त्यात उभा राहिला होता, त्या हातांवर त्यानं सहा सेकंदांचा भरवसा ठेवला नव्हता. आणि आता ते सहा सेकंद कुणीच परत देऊ शकत नव्हतं.

"आता मला कदीच कळनार न्हाई," गोरक्ष म्हणाला, आणि पोती शिवायला निघून गेला.

पुढच्या पावसाळ्यात पाऊस झाला. दिवाळीनंतर धुराडं पेटलं, टोळ्या आल्या, आणि आप्पासाहेबांनी हौसेनं पहिला सामना ठेवला. रोजच्यासारखा नबीलाल सकाळी आठला गेटावर शिट्टी मारून आला आणि दुपारी तीच शिट्टी घेऊन मैदानात उतरला. मांडव भरला होता. साळूबाई बद्रुन्निसाच्या शेजारी सतरंजीवर बसली होती.

पहिल्या पाच मिनिटांत गोरक्षचा फाऊल झाला. धक्का लागला होता, किरकोळ. नबीलालनं शिट्टी मारली आणि सवयीनं अंग घट्ट केलं, आता हा धावून येणार. गोरक्षनं चेंडू खाली ठेवला, टेबलाकडं तोंड केलं आणि हात वर केला. लोक चकित झाले. कायम झाल्यावर शहाणा झाला गडी, असं कुणी म्हणालं, आप्पासाहेबांनी मान डोलावली. दुसऱ्या फाऊलला तेच. तिसऱ्याला तेच. तो नबीलालकडं बघतसुद्धा नव्हता. खेळत होता, चेंडू टोपलीत जात होते, पण शिट्टी खरी की खोटी याचं त्याला काही देणंघेणं उरलं नव्हतं. ज्याच्यावर विश्वास असतो त्याच्याशीच माणूस भांडतो. नबीलालला आता ते कळत होतं. सोडून जाता येत नव्हतं, कबूल करता येत नव्हतं, कबूल करायचं तर साळूबाई समोर बसलेली.

उत्तरार्धात गोरक्षनं समोरच्याच्या हातातून चेंडू काढून घेतला. इतका स्वच्छ की त्या गड्याच्या अंगाला गोरक्षचं बोटही लागलं नाही. छावणीतल्या दिवसांपासून नबीलालनं इतका साफ काढलेला चेंडू पाहिला नव्हता.

त्यानं शिट्टी मारली. फाऊल. आठ नंबर, गोरक्ष.

मैदानावर एकच ओरडा झाला. ज्याचा चेंडू गेला होता तो पोरगासुद्धा वळून बघायला लागला. दुसरा पंच दोन पावलं पुढं आला. आप्पासाहेब खुर्चीवरून अर्धे उठले. नबीलालनं तोंडातली शिट्टी काढून मुठीत धरली आणि तो गोरक्षच्या समोर, त्याच्या हाताच्या अंतरावर जाऊन उभा राहिला. भांड, तो मनात म्हणत होता. एकदा भांड माझ्याशी. धावून ये अंगावर, हात पाठीमागं बांधून उभा राहा, सगळ्यांपुढं म्हण की हा खोटं बोलतो.

गोरक्षनं चेंडू होता तिथं खाली ठेवला, टेबलाकडं तोंड केलं आणि हात वर केला.